कुंपणाच्या पाल्यावर डासांचं औषध मारावं का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ कोल्हापुरात फुलेवाडी रिंग रोडच्या बाजूला पाच गुंठ्यांत घर बांधून राहतात. कंपाउंडच्या आतून ड्युरांटा आणि मेंदीचं दाट कुंपण आहे. परड्यात केळी, आळू, शेवगा, जास्वंद, कढीपत्ता. मोरीचं पाणी केळी-आळूला सोडलेलं. मागं उसाचा फड, शेजारी दोन म्हशींचा गोठा, कोपऱ्यात वापरातली विहीर. संध्याकाळी पायरीवर पाच मिनिटं बसवत नाही, आणि गेल्या पावसाळ्यात वडिलांना डेंग्यू होऊन गेला. आता एक कीडनियंत्रणवाला सांगतोय की दर महिन्याला कुंपणावर आणि झाडांवर औषध मारतो, पाल्यावर ते तीस दिवस टिकतं, डास फिरकणार नाहीत, वर्षाचं कंत्राट करा. घरात तीन वर्षांची मुलगी आणि एक मांजर आहे. कंत्राट द्यावं का, की वांग्यासाठी आणलेली औषधाची बाटली शिल्लक आहे तेच आपल्या पाठपंपानं मारावं, असं त्यांनी विचारलंय.

डासांच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, आधी सरकारी फवारणी पथकांबरोबर आणि नंतर खासगी कीडनियंत्रणात. त्यामुळं वांग्याच्या बाटलीचं उत्तर लगेच देतो, कारण ते कशावरही अवलंबून नाही: ती घराभोवती वापरू नका. कारण पुढं येईलच. कंत्राटाचं उत्तर मात्र तुमच्या परड्यात कोणता डास आहे, तो कुठं बसतो आणि कुठं जन्मतो, यावर ठरतं. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे डास एकत्र आले आहेत. पायरीवर संध्याकाळी चावणारा एक, आणि वडिलांना डेंग्यू देणारा दुसरा. ते एकाच कुंपणावर बसतात, असं धरून चाललं की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आधी हे औषध काम कसं करतं ते बघू. धुराची गाडी येते तेव्हा धुरातलं औषध हवेत उडणाऱ्या डासाला लागतं आणि थोड्याच वेळात विरून जातं. पाल्यावरच्या फवारणीचं तत्त्व निराळं आहे. रक्त प्यायलेली मादी जड होते. ते रक्त पचून अंडी तयार व्हायला साधारण दोन-तीन दिवस लागतात, आणि तेवढा वेळ तिला सावली, ओल आणि वारा नसलेली जागा लागते. दाट झुडपातल्या पानाची खालची बाजू तिला तशीच मिळते. नर तर रक्त पीतच नाहीत, गोड रसावर जगतात. तेही तिथंच थांबतात. त्या पानावर औषधाचा वाळलेला थर असेल तर तो पायांवाटे डासाच्या अंगात जातो, मज्जातंतूंवर परिणाम होतो आणि डास खाली पडतो. या कामाला बहुतेक वेळा सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं वापरतात: डेल्टामेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन, अल्फा सायपरमेथ्रिन, बायफेन्थ्रिन.

म्हणजे फवारलेलं कुंपण डासाला आत येण्यापासून फारसं अडवत नाही. जो त्या पानावर येऊन बसेल तो मरतो. उसातून किंवा गोठ्यातून उडून थेट तुमच्या पायावर उतरला, तो चावूनच जाणार.

कीडनियंत्रणवाल्याचा तीस दिवसांचा दावा हवेतला नाही. अमेरिकेत बंगल्याभोवतीच्या झुडपांवर अशी फवारणी सर्रास होते. केंटकी राज्यात घरांच्या आवारात घेतलेल्या चाचण्यांत बायफेन्थ्रिन आणि लॅम्डा सायहॅलोथ्रिनमुळं एडिस, म्हणजे दिवसा चावणारे पट्टेवाले डास सहा आठवड्यांपर्यंत कमी राहिलेले दिसले. पण त्याच चाचण्यांत क्युलेक्स, म्हणजे रात्री गुणगुणणाऱ्या डासांवर तसा परिणाम दिसला नाही. बुटक्या झुडपात बसणारा डास सापडला, उंच झाडांत बसणारा निसटला. आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात टिकाऊ औषधाची फवारणी होते ती घराच्या आतल्या भिंतींवर. उदाहरणार्थ डेल्टामेथ्रिनची २.५ टक्के भुकटी, चौरस मीटरला २० मिलिग्रॅम औषध बसेल अशी. घरातल्या भिंतीला ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही, आणि भिंत वाढत नाही. कुंपणाला तिन्ही गोष्टी होतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी हे औषध मोडतं, पावसानं धुपतं, आणि फवारणीनंतर फुटलेल्या नव्या पालवीवर ते नसतंच. त्यामुळं पानावर ते किती दिवस टिकेल हे बाटलीपेक्षा हवामान ठरवतं.

आता तुमच्याकडचा डास. कोल्हापूरच्या शहराबाहेरच्या वसाहतींत मला प्रामुख्यानं चार प्रकार भेटतात. रात्री कानाशी गुणगुणणारा तपकिरी डास म्हणजे क्युलेक्स. तो गटार, तुंबलेला नाला, मोरीचं साचलेलं पाणी, संडासची टाकी अशा घाण पाण्यात वाढतो आणि किलोमीटरभर सहज उडून येतो. दिवेलागणीला दारात झुंडीनं अंगावर येणारा, मोठा काळपट, सोंड खाली वाकलेला डास हा आर्मिजेरिस. त्याला तर आणखी दाट घाण पाणी आवडतं, संडासच्या टाक्या हे त्याचं आवडतं ठिकाण, आणि तो दिवसा बाहेर झुडपात बसतो. पायांवर पांढरे पट्टे असलेले, दिवसा चावणारे दोन एडिस असतात. त्यातला अल्बोपिक्टस झाडीत राहतो: बांबू, केळी, आळू, जुने टायर. दुसरा इजिप्ती, आपल्या शहरांतल्या डेंग्यू-चिकुनगुनियाचा मुख्य वाहक. हा माणसाच्या घरातला डास आहे. पिंप, हौद, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या यांतल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि खुंटीवरचे कपडे, पलंगाखालची जागा, कपाटामागचा अंधार इथं बसतो.

यावरून लक्षात येईल की वडिलांना डेंग्यू देणारा डास बहुधा घरातच होता. कुंपणावर कितीही औषध मारलं असतं तरी तो कपाटामागं सुखरूप राहिला असता. हे मी जोर देऊन सांगतो, कारण डेंग्यूच्या भीतीनं लोक बागेवर खर्च करतात आणि बाथरूममधलं पिंप तसंच राहतं. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा एका प्रकारानं आजारी पडलेल्या माणसाला पुढं दुसऱ्या प्रकारानं गाठलं तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. वडिलांच्या बाबतीत म्हणून घराच्या आतलं काम आधी झालं पाहिजे. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून आतून घासायची. नुसतं पाणी ओतून भागत नाही; एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि महिनोन् महिने कोरडी राहूनही पाणी लागताच फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचं वेळापत्रक. रिकामा न करता येणारा हौद झाकून घ्या किंवा त्यात गप्पी मासे सोडा. दुपारी झोपणाऱ्यांसाठी दुपारीसुद्धा मच्छरदाणी लावा, हा डास दिवसाच चावतो.

पायरीवरच्या डासासाठी स्वतः तपासणी करा. खर्च काही नाही. पाऊस नसलेल्या दिवशी दुपारी चार-साडेचारला अंगभर कपडे घालून काठी घ्या आणि कुंपणाचा गुडघ्यापर्यंतचा भाग हलवा. एका ठिकाणी हलवा, थांबा, बघा. मग केळीची खाली लोंबणारी वाळकी पानं, आळूचा वाफा, विहिरीची आतली कपार, पालापाचोळ्याचा ढीग, गोठ्यामागची अडगळ. जिथं डास असतील तिथं ते उठतात, घोंघावतात आणि लगेच परत बसतात. माझ्या अनुभवात बहुतेक परड्यांमध्ये सगळी बाग कधीच भरलेली नसते. एक-दोन जागाच भरलेल्या असतात, त्याही उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या बाजूच्या, दुपारचं ऊन न लागणाऱ्या. चकचकीत उन्हातल्या बोगनवेलीवर औषध मारणं म्हणजे पैसे आणि औषध दोन्ही वाया. हिरवळीवरही मारायची गरज नसते.

त्याच संध्याकाळी दुसरी तपासणी करा. संडासच्या टाकीच्या व्हेंट पाइपच्या तोंडावर पातळ जाळीच्या कापडाची पिशवी घट्ट बांधा आणि सकाळी काढून बघा. नव्या वसाहतींत ड्रेनेज पोचलेलं नसतं, प्रत्येक घराला टाकी असते आणि पाइपांवर जाळी जवळपास कुठंच नसते. पिशवीत डास भरलेले निघाले तर तुमचा अर्धा प्रश्न तिथंच सुटला. बारीक, न गंजणारी जाळी पाइपवर पक्की करा, टाकीच्या झाकणाच्या फटी सिमेंटनं बुजवा, आणि गल्लीतल्या चार घरांनाही तसं करायला सांगा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत संध्याकाळच्या डासांत फरक कळतो, कारण जुने डास मरत जातात आणि नवे बाहेर पडत नाहीत.

मोरीच्या पाण्याचंही बघा. केळी-आळूला पाणी सोडणं ही आपली जुनी, चांगली सवय आहे, पण पाणी जिरलं पाहिजे. वाफ्यात पाणी आठवडाभर काळं होऊन थांबत असेल तर तो क्युलेक्सचा कारखाना झाला. शोषखड्डा करा. नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी हे गाव घरोघरी शोषखड्डे करून सांडपाणी जमिनीत जिरवल्यामुळं डासमुक्त म्हणून नावाजलं. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत पाणी मुरायला वेळ लागतो, त्यामुळं खड्डा थोडा मोठा घ्यावा आणि आत विटांचे तुकडे, खडी नीट भरावी. आळूच्या आणि केळीच्या पानांच्या बेचक्यातही पाणी साचतं आणि झाडीतला एडिस त्यात अंडी घालतो. वाळकी पानं छाटून बेचके मोकळे ठेवायचे.

आणि कुंपण. औषध मारायच्या आधी ते खालून एक-दीड फूट मोकळं करा आणि आतून विरळ करा. वारा आणि उजेड आत शिरला की ओल जाते, आणि ओल गेली की दिवसा डासाला तिथं थांबवत नाही. ड्युरांटा कितीही छाटला तरी फुटतो, काळजी नको. कित्येक घरी एवढ्यावर काम भागलं आणि पंप बाहेर काढावाच लागला नाही.

हे सगळं करून तीन आठवड्यांनी परत काठी फिरवा. कुंपणातून तेव्हाही डास उठत असतील, तर मग पाल्यावरच्या फवारणीला अर्थ आहे. उसातून आणि गोठ्याकडून येणारे डास दिवसा तुमच्या कुंपणात मुक्काम करत असतील तर तेही त्यात सापडतात. उसाला मात्र हात लावू नका. फडाच्या कडेचा दोन हात पट्टा फवारून आतल्या डासांना काही होत नाही, आणि त्या फडात शेतकऱ्यानं खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड लावली असतील तर त्यातले परोपजीवी कीटक तुम्ही मारून टाकाल. २००२ च्या सुमारास उसावर आलेला लोकरी मावा आपल्या भागातले शेतकरी विसरलेले नाहीत. तो आटोक्यात आणण्यात डायफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींचा वाटा मोठा होता. पायरेथ्रॉइडला शत्रूकीड आणि मित्रकीड हा फरक कळत नाही.

हीच गोष्ट तुमच्या बागेतही होते. वारंवार फवारणी झालेल्या परड्यात जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी उसळलेले मी पुष्कळदा बघितलेत. ढालकिडे, कोळी, हिरव्या जाळीदार पंखांचे क्रायसोपा मरतात, आणि ज्यांना ते खात होते त्यांना रान मोकळं मिळतं. त्यापेक्षाही मोठी काळजी मधमाश्यांची आणि पाण्यातल्या माशांची. दोघांनाही ही औषधं अत्यंत विषारी आहेत, अगदी थोड्या मात्रेतही. तुमचा शेवगा फुलला की दिवसभर मधमाश्यांनी गजबजलेला असतो. त्याच्यावर किंवा त्याच्याखाली फुलं पडत असतील तिथं औषध मारायचंच नाही. फुलावर आलेलं कोणतंही झाड, जास्वंद-मोगऱ्यासकट, वगळायचं. विहीर, हौद, ओढा यांच्यापासून मी स्वतः निदान दहा मीटर अंतर सोडतो. विहिरीत गप्पी सोडलेले असतील तर वाऱ्यानं गेलेला फवारासुद्धा त्यांना पुरतो. कोल्हापुरातला प्रत्येक ओहोळ शेवटी पंचगंगेला मिळतो, हेही डोक्यात असू द्या.

कढीपत्ता, तुळस, गवती चहा, आळू, शेवगा, म्हणजे ज्याचं पान किंवा शेंग तोंडात जाते, ते सगळं यादीबाहेर. कुंपणाच्या कडेचं गवत किंवा हत्तीघास शेजारी म्हशींना वैरण म्हणून कापून नेत असतील तर तेही. ही औषधं चरबीत विरघळतात, जनावराच्या पोटात गेली तर दुधात उतरू शकतात. फवारणीच्या आधी शेजाऱ्यांना सांगणं हा सौजन्याचा भाग नाही, गरजेचा आहे.

कोल्हापूरचा हंगाम या फवारणीला किती साथ देतो ते आता बघा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे संततधार. एकदा नीट वाळलेलं औषध पानाच्या मेणाला चांगलं चिकटतं, एखाद्या सरीनं सगळं जात नाही. पण दिवसेंदिवस कोसळणाऱ्या पावसापुढं आणि त्या दिवसांत भराभर फुटणाऱ्या पालवीपुढं ते टिकत नाही. डेंग्यूचा जोर असतो तो नेमका पावसाळ्यात आणि लगेच नंतर. म्हणजे ज्या महिन्यांत तुम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटते, त्याच महिन्यांत ही फवारणी सगळ्यात कमी उपयोगाची. एप्रिल-मेमध्ये कडक ऊन आणि वळवाचे तडाखे. राहतो तो ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ. पाऊस थांबल्यावर नाल्यांचं वाहतं पाणी आटून दाट होतं, क्युलेक्स वाढतो, आणि हवा कोरडी असल्यामुळं पानावरचं औषधही तीन-चार आठवडे काम देतं. या काळात एक, फार तर दोन फवारण्या. त्यामुळं वर्षाला बारा फवारण्यांचं कंत्राट मला कुठल्याच हिशेबात बसत नाही. बाराही महिने एकाच गटाचं औषध मारत राहिलं तर डासांत प्रतिकारशक्ती तयार होते, हा वेगळाच धोका. प्लगमध्ये लावायचं लिक्विड, कॉइल, औषध लावलेल्या मच्छरदाण्या, भाजीपाल्यावरची कित्येक औषधं, सगळी पायरेथ्रॉइडच आहेत. डासांवर या गटाचा मारा आधीच चारी बाजूंनी चालू आहे. घरात कुणाला ताप येईल त्या दिवशी आतल्या फवारणीला हे औषध चाललं पाहिजे, म्हणून ते बागेत उधळू नये असं मला मनापासून वाटतं.

फवारणी करायचं ठरलंच तर ती अशी व्हावी. आधी छाटणी, मग फवारणी. उलटं केलं तर औषध लागलेला पाला कापून टाकला जातो. वेळ संध्याकाळची, मधमाश्या परतल्यावर आणि वारा पडल्यावर. पुढचा दिवसभर पावसाचा रंग नको. ज्या भागातून काठीनं डास उठले तेवढाच भाग, जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत. नोझल खालून वर धरून पानांच्या खालच्या बाजूला आणि कुंपणाच्या पोटात फवारा गेला पाहिजे. बाहेरून वरवर मारलेलं औषध सकाळच्या उन्हात संपतं. पान ओलं चमकेल इतकंच मारायचं, ठिबकू द्यायचं नाही. ठिबकलेलं औषध मातीत जातं, डासाला लागत नाही. पाण्यात मिसळायचं तेलकट औषध कोवळ्या पानांना कधी कधी जाळतं, भुकटीचे पांढरे डाग राहतात. पातळ प्रवाही किंवा सूक्ष्म कुपीतलं औषध पानांवर बरं. मात्रा लेबलवर लिहिलेली तीच, आणि लेबलवर ज्या जागेसाठी परवानगी आहे तिथंच. आपल्याकडे कीटकनाशकांची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली होते, आणि डासांसाठीच्या बऱ्याच औषधांच्या लेबलवर फक्त भिंती आणि पृष्ठभाग लिहिलेले असतात. झाडाझुडपांचा उल्लेख नसेल तर ते औषध पाल्यासाठी नाही, असंच समजायचं.

फवारणाऱ्यानं पूर्ण बाह्या, हातमोजे, चश्मा, मास्क, बूट घातलेले असावेत आणि वारा पाठीवर घ्यावा. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. पायरेथ्रॉइड कातडीला लागलं तर चुरचुरतं, झिणझिण्या येतात. साबणानं गार पाण्यात धुवावं. डोळ्यांत गेलं किंवा मळमळ, चक्कर सुरू झाली तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात जाताना बाटली किंवा लेबल बरोबर न्या. डॉक्टरांना उपचार ठरवायला औषधाचं नाव लागतं.

मुलगी आणि मांजर दोघांना फवारणीआधी घरात घ्या, पाला पूर्ण वाळेपर्यंत बाहेर सोडू नका. शक्यतो दुसऱ्या सकाळपर्यंत. खेळणी, कपड्यांची दोरी, मांजराचं पाण्याचं भांडं आधी उचला. मांजराचं शरीर याच गटातलं परमेथ्रिन नीट पचवू शकत नाही, आणि मांजर पाय चाटतं, त्यामुळं मांजर असलेल्या घरी परमेथ्रिन हे औषध मी घेतच नाही. मुलीला वाळल्यानंतरही त्या कुंपणाचा पाला तोडून खेळू देऊ नका. ड्युरांटाची पिवळी फळं तर औषधाविनाही विषारी असतात.

वांग्याच्या बाटलीकडे वळतो. वांग्यावरच्या शेंडेअळी-फळअळीसाठी दुकानातून मिळणाऱ्या पुष्कळ औषधांत क्लोरपायरिफॉस किंवा प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन एकत्र असतात. त्यातला फॉस्फरसयुक्त भाग, म्हणजे क्लोरपायरिफॉस किंवा प्रोफेनोफॉस, माणसाच्या मज्जासंस्थेवर थेट घाला घालतो, आणि लहान मूल खेळतं त्या जागेसाठी तो बनवलेलाच नाही. बाटलीवरचा त्रिकोण बघा. लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि हिरवा. कुणी डायक्लोरव्हॉस सुचवलं तर स्पष्ट नकार द्या. ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्यावर देशात बंदी आहे. तुमच्या पाठपंपाबद्दलही एक शंका आहे. आपल्याकडं उसातलं तण मारायला २,४-डी वापरतात आणि बहुतेक पंपांतून ते कधी ना कधी गेलेलं असतं. त्याचा अंश वर्षभर धुऊनही निघत नाही म्हटलं तरी चालेल, आणि रुंद पानांच्या झाडांना तेवढा अंश बास होतो. डास राहतील आणि ड्युरांटाचे शेंडे पिळवटतील.

तोपर्यंत पायरीवर बसायचं असेल तर उभा पंखा लावा. डास कमकुवत उडणारा आहे, पंख्याच्या झोतात त्याला अंगावर उतरता येत नाही. दिवेलागणीच्या तासभर आधी दारं-खिडक्या लावून घ्या, खिडक्यांना जाळ्या बसवा.

कीडनियंत्रणवाल्याशी वाद घालू नका, चार गोष्टी विचारा. व्यवसायाचा परवाना आहे का आणि तो दाखवाल का. कोणतं औषध, त्याचं पूर्ण नाव काय, आणि सीलबंद बाटली माझ्यासमोर फोडाल का. त्या लेबलवर झुडपांवर वापरायला परवानगी आहे का. आणि माझ्या परड्यातला कुठला भाग तुम्ही सोडून द्याल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. "सगळीकडं, शेंड्यापर्यंत मारतो" असं म्हणाले तर त्यांना नमस्कार करा. शेवगा, विहिरीची बाजू, आळू-कढीपत्ता स्वतःहून वगळले आणि आधी संडासच्या पाइपबद्दल विचारलं, तर माणूस जाणकार आहे. त्यांना दिवाळीनंतर एका फवारणीचं काम द्या आणि पुढचं काठी फिरवून ठरवू, असं सांगा.